घोडीची वाट

वाळवंटातून घोड्यावर बसून हिंडावे, ही आमची जुनी हौस. अरबस्तानची प्रवासवर्णने वाचून पोसलेली. पन्नाशी उलटली तरी मारवाड काही घडले नाही. तेव्हा एका वैशाखात पातुरास वरातीची घोडी मागून घेतली व स्वार झालो. गाव डोंगराच्या पायथ्याशी. दक्षिणेस घाट चढून बालाघाट, उत्तरेस पसरलेला पाईनघाट. पिके निघालेली, ऊन मी म्हणणारे. वाळवंटास उणे ते काय? फक्त वाळू!

आम्ही शेतातून आडवी वाट धरली. घोडी अडली. टाच मारली, लगाम खेचला, ती हलेना. मागून धावत आलेला मालक म्हणाला, "लगाम ढिला सोडा, मास्तर. तिले भेग समजते."

खाली पाहिले. उन्हाने आटून काळी जमीन वीतभर फाटली होती. खूर आत जाता तर घोडीचा पाय मोडता; आणि त्या गरिबाचे पोट तिच्याच चार पायांवर होते! आम्ही वरमलो.

लगाम सैल सोडला. भेगा चुकवीत ती आपल्या वाटेने चालू लागली. आमचा सारा जन्म वऱ्हाडात गेला. पण वऱ्हाडची भुई आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिली.