फिरायला सोबत कोण असते?

बीड जिल्ह्यातील वाचकांना गोल्फ हा खेळ परका वाटेल. जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे विस्तीर्ण हिरवळीवरच्या खेळाचे कौतुक कोणाला असणार? तरीही परदेशातील गोल्फ क्लबांची गेल्या काही वर्षांतील वाटचाल वृद्धांच्या आरोग्याविषयी बरेच सांगून जाते.

अमेरिकेत २००६ नंतर अनेक वर्षे नव्या गोल्फ मैदानांपेक्षा बंद पडणाऱ्या मैदानांची संख्या अधिक राहिली. जपानमध्ये ओस पडलेल्या काही मैदानांवर आता सोलर पॅनेल उभे आहेत. जुने सभासद थकले आणि तरुणांना एका खेळासाठी अर्धा दिवस व भरमसाट वर्गणी परवडेना. काही क्लबांनी मग अठराऐवजी नऊ होलचा आटोपशीर खेळ सुरू केला, स्त्रियांना व मुलांना सामावून घेतले.

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेने २००८ साली तेथील तीन लाख गोल्फ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. समान वय, लिंग व आर्थिक स्तराच्या इतरांच्या तुलनेत त्यांच्यातील मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. मुळात धडधाकट माणसेच मैदानावर जातात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. परंतु या खेळात चार-पाच तास आणि सहा-सात किलोमीटर चालणे घडते, तेही सोबत्यांसह. माझ्या मते औषध त्या काठीत नाही. ते चालण्यात आणि सोबतीत आहे.

हे औषध आपल्याकडे विनामूल्य मिळते. अंबाजोगाईत मुकुंदराजाच्या वाटेवर पहाटे फिरणारे ज्येष्ठांचे गट हे आमचे क्लबच होत. माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, अशाच नऊजणांच्या गटात होते. काही सोबती निवर्तले, दोघे मुलांकडे पुण्याला गेले, एकाचे गुडघे दुखू लागले. उरलेल्या दोघांनीही हळूहळू जाणे सोडले. काही महिन्यांत गुरुजींची साखर वाढली, झोप उडाली. गोळ्या वाढवल्या, पण पहाटे उठावे असे कारण गोळीत नसते.

खेड्यांत हा प्रश्न अधिक कठीण आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला घरातील कर्ती माणसे निघून जातात आणि वृद्ध मागे उरतात. त्यांच्यासाठी पारावरची बैठक हाच आधार असतो.

म्हणून गट आटण्यापूर्वीच त्यात नवी माणसे घ्यावीत. पन्नाशीतल्यांना बोलवावे, स्त्रियांना सामील करून घ्यावे, नुकताच जोडीदार गमावलेल्यांना आवर्जून न्यावे. अंतर निम्मे केले तरी चालेल. जो आला नाही, त्याला त्याच दिवशी फोन करावा. घरच्यांनी पहिले आठ दिवस सोबत जावे. मधुमेहींनी अनवाणी चालू नये, खिशात थोडी साखर ठेवावी. चालताना छातीत दुखले किंवा धाप लागली, तर थांबून तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

गुरुजी आता शेजारच्या दोन निवृत्त भगिनी व आपल्या सुनेसह सकाळी अर्धा तास चालतात. तपासणीस आले की मी त्यांना किती चाललात, असे विचारत नाही. आज सोबत कोण कोण होते, एवढेच विचारतो.