कोलंबियाच्या मुखाशी

अस्टोरियाला पोचलो तेव्हा ऑगस्टची भर दुपार होती आणि माझ्या अंगात स्वेटर, त्यावर जॅकेट. "मावशी, इथे उन्हाळा कॅलेंडरवरच असतो," भाचा म्हणाला. समोर कोलंबिया. पलीकडचा वॉशिंग्टन राज्याचा काठ गाठायला साडेसहा किलोमीटरचा पूल ओलांडावा लागतो. एवढी थोरली नदी दर्यावर्दींच्या हाती वर्षानुवर्षं लागली नाही, हे पटायला जड जातं.

पण झालं तसंच. 1775 मध्ये स्पॅनिश कप्तान ब्रुनो दे एसेता इथवर आला. प्रवाहाचा जोर पाहून ही नदी असणार हे त्याने ताडलं. पण स्कर्व्हीने खलाशी इतके खंगलेले, की टाकलेला नांगर पुन्हा उचलायचा कुणी? तो निघून गेला. 1788 मध्ये जॉन मीअर्सने इथे नदी नाहीच असा निर्वाळा दिला आणि भूशिराला 'केप डिसअपॉइंटमेंट' नाव ठेवून मोकळा झाला. 1792 च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरला पाण्याचा रंग बदललेला दिसला. ओढेबिढे असतील, म्हणून तोही पुढे गेला. अगदीच आंधळे नव्हते बिचारे. मुखाशी वाळूचे बांध आहेत, त्यावर समुद्राची लाट आणि नदीचा लोंढा एकमेकांवर आदळतात. बाहेरून नुसता फेस दिसतो. आजही मोठी जहाजं इथला खास पायलट घेतल्याशिवाय आत शिरत नाहीत. अखेर 11 मे 1792 रोजी अमेरिकन व्यापारी रॉबर्ट ग्रेने जहाज आत घातलं आणि जहाजाचंच नाव नदीला दिलं.

आत शिरतो तर काठाने गावं, आणि बघता बघता जहाजाभोवती इथल्या मूळ रहिवासी चिनूक लोकांच्या होड्या. ही माणसं मुरलेली व्यापारी. खिळे, तांबं आणि कापड घेऊन त्यांनी ग्रेच्या माणसांना सागरी पाणमांजरांची दीडशे आणि बीव्हरची तीनशे कातडी विकली. पाठ्यपुस्तकात याला शोध म्हणतात; मला तो बाजारचा दिवस वाटतो.

पूल उतरताच जवळ 'डिस्मल निच' आहे. गाड्या थांबवायची साधीशी जागा. 1805 च्या नोव्हेंबरमध्ये लुईस आणि क्लार्क या अमेरिकन शोधप्रवाशांची तुकडी इथे खडकांच्या कपारीत अडकली होती. कुजलेले कपडे, पाऊस, होड्या उलटवणाऱ्या लाटा. अशात पाच स्थानिक माणसं मासे विकायला होडीतून आली. एकाच्या अंगात खलाशाचं जॅकेट आणि पँट. मासे विकून ती त्याच लाटांतून परत गेली. इतके तरबेज नावाडी मी पाहिले नाहीत, अशा अर्थाचं क्लार्कने रोजनिशीत नोंदवलं आहे. मी कठड्याला घट्ट धरून उभी होते आणि तो दिवस म्हणे शांत होता.

थोडं पुढे 'मिडल व्हिलेज'. चिनूकांचं उन्हाळी व्यापारी गाव. आता गवत, पाट्या आणि एक छोटं चर्च. उत्खननात काचेचे मणी आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले. व्यापाराबरोबर देवी आल्या, 1830 पासून हिवताप आला, आणि नदीच्या खालच्या खोऱ्यातली गावंच्या गावं ओस पडली. उरले ते लोक इथेच राहिले. 2001 च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने चिनूक राष्ट्राला मान्यता दिली आणि 2002 च्या जुलैमध्ये काढून घेतली. नदी मुखापासून ओळखणाऱ्यांनाच कागदावर जागा नाही. मला तरी हे मीअर्सच्या निर्वाळ्याचंच पुढचं पान वाटलं.

केप डिसअपॉइंटमेंटला सगळे दीपगृहाकडे वळतात. आम्ही आधी धक्क्यावर गेलो. तिथे माया लिन या शिल्पकर्तीने बसवलेला काळ्या बेसॉल्टचा ओटा आहे, मासे साफ करायचा, नळासकट. त्यावर चिनूकांची उत्पत्तिकथा कोरली आहे. दक्षिण वारा एका राक्षसिणीकडे खायला मागतो. मासा आडवा कापू नकोस, पाठीवरून उभा चीर, असं ती बजावते. तो ऐकत नाही. माशाचा प्रचंड पक्षी होतो, तो डोंगरावर अंडी घालतो, आणि त्या अंड्यांतून माणसं जन्मतात.

ओट्याशी एक गृहस्थ भलाथोरला सॅमन साफ करत होते. अर्धी गोष्ट माशाखाली. आम्हाला वाचता यावं म्हणून त्यांनी तो बाजूला सरकवला, पाणी मारलं आणि पुन्हा सुरी घेतली. भाच्याने वाकून पाहिलं आणि माझ्या कानाशी लागला, "मावशी, उभाच चिरतायत."