कंसातलं साल

हिंगण्यातल्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध प्रस्तुत लेखकाकडे संदर्भ तपासायला आला होता. जातिव्यवस्थेबद्दलचं बाबासाहेबांचं एक मत उतरवून त्यापुढे लिहिलं होतं : (आंबेडकर, १९७९). बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं. त्याआधी प्रबंध दोघांच्या नजरेखालून गेला होता, पण त्या सालापाशी कुणीच थांबलं नव्हतं.

हे साल आलं कुठून? महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड १९७९ मध्ये काढला. संपादक आपल्या नागपूरचे वसंत मून. विद्यार्थ्याने पुस्तकावरचं साल प्रामाणिकपणे उचललं. पुढे दिल्लीहून २०१४ मध्ये पुनर्मुद्रण निघालं, त्याची पीडीएफ ज्याच्या हाती लागते तो २०१४ लिहितो.

याच एका खंडात ‘कास्ट्स इन इंडिया’ आणि ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे दोन्ही आहेत. पहिला निबंध कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी वाचला गेला आणि १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. लिहिणारा पंचविशीतला विद्यार्थी होता. दुसरं लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेलं, पण कधीच न झालेलं भाषण. ते बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतः छापलं. दोन्हींना १९७९ लावलं की मधली वीस वर्षं पुसली जातात. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, सगळं त्या वीस वर्षांतलं.

संदर्भ देण्याच्या एपीए शैलीत यावर उपाय आहे. मजकुरात (आंबेडकर, १९३६/१९७९) अशी दोन्ही सालं द्यायची, सूचीच्या नोंदीत १९७९ देऊन शेवटी मूळ प्रकाशन १९३६ असं नोंदवायचं. पण तेवढ्याने भागत नाही. गांधीजींनी ‘हरिजन’मधून ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’वर टीका केली. ती टीका आणि बाबासाहेबांनी तिला दिलेलं उत्तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं. शासनाच्या खंडात हे सारं सलग छापलेलं आहे. त्यामुळे गांधीजींना दिलेल्या उत्तरातलं वाक्य घेऊन त्यावर १९३६ टाकणारे प्रबंध येतात. टीका होण्याआधीच्या आवृत्तीतच तिचं उत्तर छापून आलं, असा त्याचा अर्थ होतो. यावर मार्गदर्शकांशी वाद घालावा लागतो आणि प्रस्तुत लेखक तो घालतो. ‘एवढं बारीक कोण बघतं?’ हे उत्तर संशोधनात चालायला नको.

शैलींचा बाऊ मात्र फार होतो. वानाडोंगरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आयईईई शैली चालते : चौकटी कंसात क्रमांक, ज्या क्रमाने संदर्भ येतील त्या क्रमाने. वैद्यकात व्हँकुव्हर, सामाजिक शास्त्रांत एपीए, भाषा-साहित्यात एमएलए. यातली कुठलीही घ्या, पण ती शेवटपर्यंत पाळा. स्वल्पविराम चुकला तर मिनिटात दुरुस्त होतो. साल किंवा पृष्ठ चुकलं, तर वाचक मूळ मजकुरापर्यंत पोचतच नाही.

संदर्भसूची बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विसंबू नये. ते नावातला शेवटचा शब्द आडनाव धरतं. मग आपल्या नागपूर विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या राष्ट्रसंतांची ‘ग्रामगीता’ सूचीत ‘महाराज, तुकडोजी’ म्हणून ‘म’खाली जाऊन बसते. झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये नावासाठी एकच रकाना ठेवायची सोय आहे, ती वापरावी. कवी ‘ग्रेस’ही ग्रेसच राहू द्यावेत. पुस्तकावर जे नाव छापलंय तेच सूचीत यायला हवं, त्यांचं मूळ आडनाव गोडघाटे नव्हे.

आणखी एक गैरसमज घट्ट बसलाय : संदर्भ वाढवले की वाङ्मयचौर्य तपासणीतला साम्याचा टक्का चढतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजणीतून वगळली आहेत. तरीही टक्का उतरवण्यासाठी विद्यार्थी अवतरणचिन्हं काढून वाक्यं फिरवून लिहितात आणि लेखकाचं नाव गाळतात. नियम ज्या चोरीविरुद्ध केले, तीच अशाने घडते, आणि याचं वाईट वाटतं.

मार्गदर्शकांना एक विनंती आहे. प्रबंधावर सही करण्यापूर्वी सूचीतल्या कुठल्याही पाच नोंदींवर बोट ठेवा, ती पुस्तकं ग्रंथालयातून मागवा आणि विद्यार्थ्याला समोर बसवून दिलेलं पान उघडायला सांगा.