क्रॉसलाइनपासून सुरुवात

मुखडा कुठेही सुचतो. बसच्या रांगेत, दाढी करताना, भलत्याच मैफलीत. माझ्या फोनमध्ये गुणगुणून ठेवलेल्या मुखड्यांचा ढीग साठलाय आणि त्यातले बहुतेक तिथेच मरणार आहेत. मुखडा म्हणजे गाणं नव्हे, हे चाली लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी पहिल्या दोन ओळींवर खूश होऊन आपण पेटी मिटतो.

म्हणून कविता चालीला घेतली की मी आधी अंतऱ्याची शेवटची ओळ बांधतो. स्टुडिओतले वादक तिला क्रॉसलाइन म्हणतात. गाणं तिथून वळून पुन्हा ध्रुवपदावर येतं. अंतरा तार षड्जावर नेऊन ठेवणं फारसं अवघड नाही. खाली येताना मुखड्याचा पहिला शब्द आपसूक तोंडी यायला हवा. ती उतरण सापडेना, तर मुखडा कितीही गोड असो, मी तो सोडून देतो.

सध्या हातात असलेली कविता पादाकुलकात आहे. आठ-आठ मात्रांचं हे वृत्त केहरव्यात आयतं बसतं, आणि तिथेच गोची होते. पुढची सम ऐकणाऱ्याला आधीच कळून चुकते. मी आठ मात्रांचा एकेक तुकडा दादऱ्याच्या दोन आवर्तनांवर पसरला. आता बारा मात्रा भरायच्या, म्हणजे चार जादा. त्या कोणत्या अक्षरांना द्यायच्या? खरं काम एवढंच, पण त्यात दिवसच्या दिवस जातात. ‘परतुनी’तल्या ‘पर’वर लांबण लावली की विरहाच्या गाण्यात पाखराचं पीस उडायला लागतं. ‘नको’चा ‘न’ ओढला तर नकारातला ठामपणाच जातो. यशवंत देवांचं ‘शब्दप्रधान गायकी’ हे पुस्तक चाली लावणाऱ्यानं उशाशी ठेवावं ते यासाठी.

मग गळा. गाणारी मुलगी काळी चारमध्ये गाते. तार मध्यमापर्यंत आवाज मोकळा, पंचमाला आवळतो. झालं, अंतऱ्याची उंची ठरली. तिच्या गळ्यानं ती ठरवली याचं मला बरंच वाटलं. मी ठरवत बसलो असतो तर अजून चार चाली झाल्या असत्या.

कवितेची कडवी पाच, ठेवली तीन. कवी थोडा रुसला. अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. भावगीताला आटोपशीरपणाची सवय लागली त्यात तिचा मोठा वाटा आहे. तबकडी गेली, पण ऐकणाऱ्याचा धीर काही वाढलेला नाही. वाद्यमेळाबद्दल फार बोलत नाही. नुसत्या पेटीवर उभी न राहणारी चाल बासरी आणि व्हायोलिननं सावरत नाही, असं माझं मत आहे.

तरीही गाणं पुरं होतं ते तारखेमुळे. 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि गदिमा-सुधीर फडके या जोडीनं आठवड्याला एक या हिशेबानं 56 गाणी दिली. प्रतिभा त्यांची होतीच. पण पुढच्या आठवड्याचं प्रसारण कुणासाठी थांबणार नव्हतं, हेही विसरू नये.

तुमच्याही फोनमध्ये अर्धे मुखडे पडले असतील. त्यातला एक काढा, क्रॉसलाइन बांधा आणि पुढच्या महिन्यात एखाद्या घरगुती मैफलीत तो पुरा गाईन असं कबूल करून टाका. चार माणसांना बोलावून ठेवा, म्हणजे माघार घेता येणार नाही.