दाराखालचा पत्रा

बाबा टेल्कोच्या बॉडी शॉपमध्ये होते. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण पिंपरी-चिंचवडमध्ये माणूस आजही 'टेल्कोतून रिटायर' होतो. बाबांचं काम वेल्डिंग तपासायचं. दोन पत्र्यांमधला स्पॉट नीट धरलाय की नाही हे वरून बघून कळत नाही. म्हणून दोन स्पॉटच्या मधे छिन्नीची धार घालायची आणि हातोडीने बेताने ठोकायचं. पत्रा थोडा वाकतो, पण स्पॉट उकलला नाही तर जोड पक्का. मग वाकलेला पत्रा परत ठोकून बसवायचा आणि पुढच्या बॉडीकडे वळायचं. या चिझल टेस्टचा आवाज त्यांच्या कानात इतका मुरलेला होता, की घरात नवं लोखंडी कपाट आलं तरी ते आधी मागच्या बाजूने वाजवून बघत.

१९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत टेल्कोची इंडिका कार लोकांना दिसली आणि ३० डिसेंबरला ती बाजारात आली. ट्रक बनवणारी कंपनी छोटी कार बनवू शकेल का, अशी शंका बाहेर उघड बोलली जात होती. निसानने ऑस्ट्रेलियातला कारखाना बंद केला होता. तिथली यंत्रं विकत घेऊन, सुटी करून, जहाजाने आणून ती इथे उभी केली होती. ज्यांनी आयुष्यभर ट्रकच्या केबिन जोडल्या, त्या माणसांनी कारची बॉडी जोडायला शिकून घेतलं. २०००-०१ मध्ये कंपनीला ५०० कोटींचा तोटा झाला, तेव्हा आमच्या चाळीवजा वसाहतीत संध्याकाळचं बोलणंच खालच्या पट्टीत आलं होतं. त्याच २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आली, ती चालली, आणि लोकांनी श्वास सोडला. मी तेव्हा शाळेत होते. पण गाडीचा खप आणि घरातली दिवाळी यांचा संबंध असतो, हे मला तेव्हाच कळलं.

आमची पांढरी डिझेल व्ही-टू २००३ च्या दसऱ्याला आली. एमएच-१४ ची पाटी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. बाबा कामाला कंपनीच्या बसनेच जात राहिले. गाडी रविवारची आणि अडीअडचणीची. देहू-आळंदी, नारायणगावला आजोळ, ताईच्या लग्नात पाहुण्यांची ने-आण, आणि एकदा अपरात्री आजीला वायसीएम हॉस्पिटलला नेलं तेही हिच्यातूनच. थंडीत किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागे. आतले हीटर प्लग तापून दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच सेल मारायचा. घाई केली की नुसता पांढरा धूर आणि बॅटरीवर ताण. बाबांचे मोतीबिंदू वाढले आणि किल्ली माझ्याकडे आली, तेव्हा त्यांनी मला बाकी काही सांगितलं नाही, एवढंच बजावलं: दिवा विझू दे.

गाडी जुनी करणं आमच्या गावात सोपं आहे, कारण इथे बनवणारे हात गल्लोगल्ली आहेत. गिअर लिव्हरखालचा प्लास्टिकचा बुश झिजला आणि गिअर सापडेनासा झाला. तो सुटा कुठे मिळेना. भोसरीत बाबांच्या ओळखीच्या एका टर्नरने जुना बुश व्हर्नियरने मोजला, किती झिजलाय त्याचा अंदाज धरून आकडा पाटीवर खडूने लिहिला आणि नायलॉनचा रॉड लेथला लावला. चहा येईपर्यंत नवा बुश हातात होता. दाराची काच फिरवायचं हॅन्डल कुदळवाडीच्या भंगारात मिळालं. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामं पाडली आणि तो सुटा माल मिळण्याची वाटही बऱ्यापैकी आटली. तोवर क्लच प्लेट, शॉकअप, टायमिंग बेल्ट असं एकेक बदलत गेलं. वर्षाचा गॅरेजचा खर्च नव्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांत बसत होता. हिशेब सरळ होता: जोवर दुरुस्ती परवडते, तोवर गाडी ठेवायची.

पण मी स्वतः चाकणला प्रेस पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. माझा पगार लोकांनी नव्या गाड्या घेण्यावर चालतो. २०१९ च्या मंदीत या पट्ट्यातल्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही दिवस कारखानेच बंद ठेवले, तेव्हा आमच्या शेडमधल्या तीन पाळ्यांची एक झाली आणि कंत्राटी पोरं बॅगा भरून गावी गेली. त्यांपैकी काही परत आली, काही आलीच नाहीत. कामावरचे सहकारी मला मनापासून विचारत, 'मॅडम, आपणच जुनी गाडी ओढत बसलो तर शेड कशी चालायची?' हा प्रश्न मी कधी उडवून लावला नाही. पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगावातली हजारो घरं त्या प्रश्नावर उभी आहेत. तरी माझं उत्तर ठरलेलं असे: चांगली चालणारी वस्तू टाकून देणं म्हणजे ती ज्यांनी मन लावून बनवली त्यांचं काम टाकून देणं. एक गाडी वीस वर्षं चालली तर तो बनवणाऱ्याचा तोटा नाही, ते त्याच्या कामाचं प्रशस्तिपत्र आहे.

कागदोपत्रीही गाडी ठणठणीत होती. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. २०१८ ला आमचं पासिंग झालं तेव्हा नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. २०२३ ला आम्ही तीही भरली. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती, महाराष्ट्रात तसं नव्हतं. म्हणजे २०२८ पर्यंत आमची इंडिका सरकारदरबारी धडधाकट होती.

माझ्या मनात खळबळ सुरू झाली ती चाकणच्याच एका जुन्या गोष्टीने. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेत शून्य तारे मिळाले. त्यांत चाकणला बनणारी पोलो होती. तिचा सांगाडा धडकेत टिकला होता, पण एअरबॅग नसल्याने आतल्या माणसाला मार बसत होता. कंपनीने एअरबॅगशिवायची पोलो विकणं थांबवलं, आणि दोन एअरबॅगवाल्या त्याच गाडीला चार तारे मिळाले. पाचांपैकी काही गाड्यांचा मात्र सांगाडाच टिकला नव्हता, आणि अशा गाडीत एअरबॅग लावूनही भागत नाही. आधी सांगाडा, मग बाकी सगळं. आज एबीएस आणि पुढच्या दोन एअरबॅग प्रत्येक नव्या कारला सक्तीच्या आहेत. आमच्या गाडीत यातलं काही नव्हतं. म्हणजे मागच्या सीटवरच्या माझ्या मुलाचा भरवसा एकट्या सांगाड्यावर होता.

मी हे बाबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, 'रॅम्पवर घे.'

नेहमीच्या गॅरेजात गाडी वर चढवली. मेस्त्री इंजिनाबद्दल बोलायला लागला, अजून लाखभर किलोमीटर कुठे गेलं नाही म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. इंजिनाचा प्रत्येक भाग बदलता येतो. बाबांनी त्याच्याकडून एक स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि त्याच्या मुठीने खालचा पत्रा वाजवत पुढून मागे निघाले. डोळ्यांना कमी दिसत असल्याने एक हात पत्र्यावर ठेवून चालले होते. फ्लोअर टणटण बोलला. मागच्या चाकाच्या कमानीपाशीही ठीक. मग दाराखालच्या पत्र्यावर आले, ज्याला शॉपमध्ये सिल म्हणतात. तिथे आवाज बसला. ओल्या पुठ्ठ्यावर मारावं तसा भद आवाज आला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून टोक टेकवलं आणि जरा दाब दिला. रंगाचा पापुद्रा फुटला, टोक आत गेलं आणि तपकिरी भुगा त्यांच्या मनगटावर पडला. वीस-बावीस पावसाळ्यांचं पाणी आतल्या पोकळीत साचून पत्रा आतून खाल्ला गेला होता. बाहेरचा पांढरा रंग मात्र गुळगुळीत होता. दुसऱ्या बाजूला जॅक लावायच्या जागेपाशीही तेच.

मेस्त्री म्हणाला, 'काका, टिंकरिंगवाल्याकडून पट्टी मारून घेऊ, वरून पुट्टी, कळणारसुद्धा नाही.' बाबांनी मान हलवली. सुमोला खाली वेगळी चॅसी असते, वरची बॉडी गंजली तरी खालचा कणा शाबूत राहतो. इंडिकासारख्या कारला वेगळी चॅसी नसते. पत्र्याची बॉडी हीच तिची चॅसी. बाजूने धडक बसली तर ती आधी सिलने झेलायची असते. पट्टी मारायची तर ती चांगल्या पत्र्याला जोडावी लागते, आणि इथे जोडायला चांगला पत्राच उरलेला नव्हता. 'स्पॉट कशाला धरणार?' एवढंच त्यांनी विचारलं. आयुष्यभर ज्यांनी अशीच बॉडी पास किंवा रिजेक्ट केली, त्यांनी आपल्या घरची बॉडी रिजेक्ट केली. रॅम्पखालून बाहेर येताना त्यांनी भुगा झटकला नाही, तो हातरुमालात पुसून रुमाल खिशात ठेवला.

इंजिन उत्तम असल्यामुळे गिऱ्हाईक लगेच आलं. राजगुरुनगरकडच्या एकाला कामगारांची ने-आण करायला गाडी हवी होती. भाव बरा देत होता, आणि पत्र्याचं सांगितल्यावरही 'चालतंय हो' म्हणत होता. त्याला चालत असेल. पण तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगांमधून त्या गाडीत जी पोरं दाटीवाटीने बसणार होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तशी पोरं मी रोज पाळी बदलताना बघते. आम्ही गाडी विकली नाही. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दिली आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घेतलं. भंगाराचे पैसे गिऱ्हाइकाने देऊ केलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी आले. त्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळाली, तेवढी भर.

जुनी गाडी ठेवायला लाज वाटू देऊ नका आणि नवी घ्यायची घाईही करू नका. बुश, क्लच, बेल्ट यांच्यासाठी गाडी मोडीत काढायची नसते. पण गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर दर पावसाळ्यानंतर ती एकदा रॅम्पवर घ्या आणि इंजिनाआधी दाराखालचा पत्रा वाजवून बघा. आवाज टणक आला तर खुशाल चालवा. आवाज बसला असेल, तर पुट्टीने झाकू नका आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. ती गाडी तिथेच थांबवा.