गोदीतला १४ एप्रिल

१४ एप्रिल म्हटले की आम्हा नाशिककरांच्या डोळ्यांसमोर शालिमारचा पुतळा, निळे झेंडे आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी मिरवणूक उभी राहते. पण त्याच दिवशी, शालिमारपासून हाकेच्या अंतरावर, शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्रात खाकी गणवेशातले जवान रांगेत उभे राहून कुणाला तरी मानवंदना देत असतात. कुणाला? आमच्या धाकटीने हा प्रश्न विचारला, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. ज्या दिवशी आपण बाबासाहेबांची जयंती साजरी करतो, त्याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या गोदीत मोठा स्फोट झाला. त्या आगीत ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ साऱ्या देशात हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. ती जागा मुलांना दाखवावी असे ठरवून आम्ही सगळे एका रविवारी नाशिकरोडहून मुंबईच्या गाडीत बसलो.

वाचकहो, ही रेल्वे म्हणजे आपल्या माणसांची जुनी वाट. याच वाटेने आपल्या जिल्ह्यातली माणसे पोटासाठी मुंबईला गेली. कुणी गिरणीत लागले, कुणी रेल्वेत, कुणी गोदीत पाठीवर पोती घेतली. घोटी मागे पडले तशी मुंढेगावची आठवण निघाली. २०२३ च्या १ जानेवारीला तिथल्या जिंदाल कंपनीत आग लागली, कामगार भगिनींचा जीव गेला. २०२५ च्या मे महिन्यात तिथेच पुन्हा आग भडकली आणि कित्येक दिवस विझेना. म्हणजे आम्ही जे पाहायला निघालो होतो, ते काही फक्त मुंबईचे आणि फक्त जुने नव्हते.

बोरीबंदरला उतरून आम्ही पी. डिमेलो रोडने मशीद बंदरच्या दिशेने चालत निघालो. गोदी कामगारांचे पुढारी डिमेलो यांचे नाव या रस्त्याला आहे. एका हाताला गोदीची लांबच लांब भिंत, दुसऱ्या हाताला वखारी, हातगाड्या, ट्रक आणि हमाल. परवान्याशिवाय आत जाता येत नाही. म्हणून भिंतीच्या सावलीत उभे राहूनच आम्ही मुलांना हकीकत सांगितली.

महायुद्ध चालू होते. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज इंग्लंडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात १,४०० टनांच्या आसपास दारूगोळा होता, आणि त्याच्याच खालीवर कापसाच्या हजारो गाठी भरलेल्या होत्या. शिवाय तेलाची पिंपे, लाकूड आणि सोन्याच्या १२४ विटा. दारूच्या शेजारी कापूस ठेवू नये, हे चुलीपुढे बसणाऱ्या आपल्या आयाबहिणींनाही कळते. पण युद्धाची घाई म्हणून नियम सैल केलेले होते. दारूगोळ्याचे जहाज ओळखू यावे यासाठी लाल बावटा लावायचा असतो, तोही लावला नव्हता. शेजारच्या जहाजांना आणि धक्क्यावर राबणाऱ्या हमालांना आपण कशाशेजारी उभे आहोत याची खबर नव्हती.

१४ तारखेच्या दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, शेकडो टन पाणी आत ओतले गेले, पण कापूस आतून धुमसतच राहिला. जहाज जागीच बुडवायचे की ओढून समुद्रात न्यायचे, यावर साहेब लोकांचा निर्णय होईना. जवान मात्र नळ धरून उभे राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. पेटलेला कापूस आणि लोखंडाचे तुकडे वस्त्यांवर पडले. गोदामांतले हजारो टन धान्य जळाले, तेही आदल्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली असताना.

आग आटोक्यात आणायला तीन दिवस लागले, आणि ढिगारा उपसायला आठ हजार माणसे सात महिने राबत होती. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले आणि ५० हजारांच्या आसपास लोकांचा रोजगार गेला. आणि मेले किती? कुणी ८०० म्हणतो, कुणी १,३००. सरकारने बातमीवरही बंदी घातली होती. खुद्द हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांना ती सविस्तर छापायला मे महिना उजाडला.

मुलांना सगळ्यात नवल वाटले ते सोन्याचे. स्फोटाने उडालेली एक वीट मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली; त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. बाकीच्या विटाही पुढे वर्षानुवर्षे गाळातून निघत राहिल्या. आमची थोरली म्हणाली, “सोन्याच्या विटा १२४ हे पक्के ठाऊक आहे, मग माणसे किती हे का ठाऊक नाही?” बंधूभगिनींनो, सोन्याची नोंद चोपडीत होती. गोदीत रोजंदारीवर आलेल्या हमालाचे नाव कुठे लिहिलेले असणार?

त्या दिवशी बाबासाहेबांना ५३ वर्षे पूर्ण झाली होती आणि व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. चारच महिने आधी, डिसेंबर १९४३ मध्ये, ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरून मजुरांची दशा पाहून आले होते. कामगाराची सुरक्षितता ही मालकाची मेहेरबानी नसून हक्क आहे, हे त्या कारभारातून उभे राहिले. पुढे १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नेमणुकीचा कायदा झाला आणि त्यांचे नाव नोंदवहीत चढण्याचा मार्ग खुला झाला.

परतताना आम्ही भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयाजवळ थांबलो. शहीद जवानांचे स्मारक तिथे आहे. मुलांनी हात जोडले. गोदीतल्या हमालांची नावे मात्र आम्हाला कुठे दिसली नाहीत.

आज सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत आपल्याच घरची पोरे आणि लेकीसुना ठेकेदाराकडे कामाला जातात. येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीला जरूर जा, पण त्याआधी घरात बसून त्यांना तीन गोष्टी विचारा. तुझे नाव हजेरीपटावर आहे का? तुझ्या खात्यात पिंपांमध्ये काय भरले आहे, हे तुला कुणी सांगितले आहे का? आणि आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कोणता, आणि त्याला कुलूप तर नाही ना? एकाही प्रश्नाचे उत्तर “माहीत नाही” असे आले, तर दुसऱ्या दिवशी एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून साहेबाला जाऊन विचारा.