रणगाड्याचा पट्टा

यंत्र बिघडले, की त्यातील ज्या भागाची आपल्याला सर्वांत कमी माहिती असते, त्याच्यावरच आपण प्रथम आळ घेतो. माझ्या भाच्याच्या रणगाड्याच्या बाबतीत असेच झाले. रणगाडा डावीकडे भरकटू लागला आणि बिचाऱ्या बिनतारी यंत्रावर बालंट आले.

रणगाडा म्हणजे खराखुरा नव्हे, बरे का! भाचा इयत्ता सातवीत शिकतो. सोलापूरच्या पूर्व भागात, जेथे यंत्रमागांचा खडखडाट पहाटेपासून कानी पडतो, तेथे माझ्या बहिणीचे घर आहे. दिवाळीच्या सुटीत भाच्याने ‘विजयंता’ रणगाड्याची प्रतिकृती करावयास घेतली. चेन्नईजवळील आवडी येथील कारखान्यातून पहिला विजयंता १९६५ साली बाहेर पडला. जवळजवळ चाळीस टनांचे हे धूड पुढे अनेक वर्षे आपल्या सैन्यात होते. त्याच्या सोळाव्या हिश्शाने भाच्याने आपली गाडी बेतली. ती सुमारे अर्धा मीटर लांब झाली. सांगाडा प्लायवूडचा, वरचे कवच ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे. प्रत्येक बाजूला सहा चाके. पुढे पट्टा ताणून धरणारे मोकळे चाक, मागे पट्टा ओढणारे दंतचक्र. पोटात दोन छोट्या मोटारी आणि बॅटरी होती. हातातल्या डबीवर दोन दांड्या होत्या. डावी दांडी डाव्या पट्ट्यासाठी, उजवी उजव्यासाठी. दोन्ही पट्टे सारख्या वेगाने फिरले तर गाडी सरळ जाते, एक थांबला तर ती त्या बाजूला वळते आणि एक पुढे व दुसरा मागे फिरला तर जागच्या जागी गिरकी घेते.

तारेवाचून दुरून यंत्र चालविण्याची ही कल्पना तशी जुनी आहे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या टाकीत एक लहानशी नाव अशीच चालवून दाखविली होती. आमच्या अंगणातील रणगाडा मात्र टेस्लांच्या नावेइतका आज्ञाधारक नव्हता. दोन्ही दांड्या पुढे ढकलल्या, तरी तो डावीकडेच जाई. जोराने वळविला, की उजवा पट्टा चाकांवरून निसटून जमिनीवर पडे. कधीकधी तर मोटार गुणगुणत राही आणि पट्टा ढिम्म हलत नसे. दोन दिवस हे पाहून भाचा रडकुंडीस आला. “मामा, रेडिओच खराब आहे. दुसरा आणायला हवा,” असे त्याने जाहीर केले. दुसऱ्या रेडिओची किंमत ऐकून माझी बहीण काहीच बोलली नाही; आणि तिचे न बोलणे भाच्याला चांगले समजते. रणगाडा पेटीत जाणार, अशी चिन्हे दिसू लागली.

शेजारच्या घरी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांच्या घरची भाषा तेलुगू आहे. तेलुगूत आजोबांना ‘ताता’ म्हणतात, म्हणून आळीतली सगळी मुले त्यांना ताता म्हणतात, मीही म्हणतो. ताता एके काळी कापडगिरणीत जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांची निगा राखणारा, बंद पडलेला माग पुन्हा चालू करून देणारा कसबी माणूस. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे या शहराची ओळखच गिरण्यांवरून झाली आणि मग त्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंदही पडल्या. तातांची हत्यारांची पेटी तेव्हापासून खाटेखाली होती. अंगणातील खटपट ते ओट्यावरून दोन दिवस पाहत होते. तिसऱ्या दिवशी ते काठी टेकीत आले आणि म्हणाले, “रेडिओचं नंतर बघू. आधी गाडी विटांवर ठेव.”

दोन विटांवर रणगाडा असा ठेवला, की पट्टे अधांतरी राहिले. भाच्याने दांड्या पुढे करताच दोन्ही पट्टे तत्काळ फिरू लागले. मागे घेताच उलटे फिरले. “हुकूम तर पोहोचतो आहे,” ताता म्हणाले. मग त्यांनी गिरणीतील एक रीत सांगितली. एखाद्या मागावर सूत वारंवार तुटू लागले, की ते त्या मागाचा धोटा काढून शेजारच्या मागावर घालीत. सूत तेथेही तुटू लागले तर दोष धोट्याचा, नाही तर मागाचा. हे ऐकताच भाच्याने दोन्ही मोटारींच्या तारांची अदलाबदल केली. ही युक्ती सर्वस्वी त्याची, ताता तारांना हात लावीत नाहीत. आता डावी दांडी उजवी मोटार चालवू लागली. दोष जर रेडिओत असता, तर गाडी उजवीकडे भरकटायला हवी होती. ती पूर्वीसारखी डावीकडेच गेली. रेडिओ निर्दोष ठरला!

मला या ठिकाणी फार मौज वाटली. इतका वेळ आम्ही तिघे एका गाडीकडे पाहत होतो. आता आम्हांला फक्त तिच्या डाव्या बाजूकडे पाहावयाचे होते.

तातांनी डावा पट्टा उतरविला आणि एकेक चाक बोटाने फिरवून सोडले. पहिली तीन चाके बराच वेळ फिरत राहिली. चौथे अर्धा फेरा घेऊन थांबले. ताता हसले. पेटीतून त्यांनी सूत ओवण्याचा बारीक आकडा काढला, चाक आणि सांगाडा यांच्या फटीत घातला आणि हळूच ओढला. आत पांढऱ्या सुताचे घट्ट वेटोळे बसले होते! रणगाडा मागांच्या शेडमधील फरशीवरून धावला होता. तेथे जमिनीवर सुताचे तुकडे नेहमीच विखुरलेले असतात. फिरत्या आसाला सुताचे टोक लागले, की तो आस ते स्वतःभोवती गुंडाळीत जातो. सोलापुरातील रणगाड्याला व्हावा असाच हा रोग म्हणायचा!

मोटार गुणगुणते पण पट्टा हलत नाही, या दुखण्याचे निदान त्याहून लवकर झाले. तातांनी खडूने मोटारीकडून येणाऱ्या आसावर आणि त्यावर बसविलेल्या दंतचक्रावर मिळून एकच सरळ रेघ ओढली आणि भाच्याला गाडी चालवावयास सांगितले. थोड्या वेळाने पाहिले, तो रेघेचे दोन तुकडे होऊन ते एकमेकांपासून दूर गेले होते. याचा अर्थ आस फिरत होता, पण चक्र त्याच्यावर घसरत होते. चक्र आवळणारा बारीक स्क्रू गोल आसावर टेकला होता आणि गोल पृष्ठावर त्याला पकड मिळत नव्हती. कानशीने आसाची एक बाजू थोडी सपाट केली आणि स्क्रू तेथे टेकविला. तेव्हापासून ते चक्र घसरलेले नाही.

खरा त्रास दिला तो उजव्या पट्ट्याने. भाच्याने तो पुढच्या चाकाने घट्ट ताणला. मग तो निसटेना, पण मोटार इतकी तापली, की तिला बोट लावता येईना. ढिला केला, की पुन्हा पट्टा जमिनीवर! तातांनी त्याला जुन्या मागांची गोष्ट सांगितली. पूर्वी गिरणीत आढ्याजवळून एक लांब दांडा फिरत असे आणि चामड्याचे पट्टे त्याच्यावरून खाली मागांच्या कप्प्यांवर येत. पट्टा घट्ट असला तर बेअरिंग झिजते आणि शक्ती वाया जाते. ढिला असला तर पट्टा घसरतो. “पण ताण ठीक असून पट्टा पळत असला, तर ताणाशी भांडू नको, बाळ. दोन्ही कप्प्या एका ओळीत आहेत का, ते बघ.”

ओळ कशी पाहावयाची? एका दोऱ्याने! पुढच्या चाकापासून मागच्या दंतचक्रापर्यंत चाकांच्या बाहेरच्या कडांना लावून त्यांनी दोरा ताणून धरला. सहाही चाकांना तो बेताचा टेकला. परंतु दंतचक्राने त्याला बाहेर ढकलले. चक्र जेमतेम नाण्याच्या जाडीइतके बाहेर आले होते. रणगाड्याच्या पट्ट्याला आतून शिंगांसारखे उंचवटे असतात. जोडचाकांच्या मधल्या खाचेतून ती शिंगे चालतात आणि पट्ट्याला जागेवर ठेवतात. गाडी सरळ जाताना एवढासा तिरपेपणा खपून जातो. वळताना मात्र जमीन पट्ट्याला बाजूस ओढते, शिंगे चाकांवर चढतात आणि पट्टा उतरतो. चक्र जितके बाहेर होते तितके आत सरकविले आणि ते पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून आसाच्या टोकाला दोन वॉशर घातले.

तरी पट्टा नेमका किती ताणावा, याविषयी भाच्याचे समाधान होईना. खऱ्या रणगाड्याचा पट्टा पाहिल्याशिवाय त्याला चैन पडेना. म्हणून मी त्याला अहिल्यानगरला घेऊन गेलो. पूर्वी अहमदनगर म्हणत ते हे शहर. तेथे १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. देशोदेशींचे रणगाडे तेथे ओळीने उभे आहेत. इतर मुले तोफांकडे पाहत होती. आमचे चिरंजीव विजयंतासमोर गुडघे टेकून पट्ट्याकडे पाहत बसले. पोलादी पट्टा तारेसारखा ताठ नव्हता. वरच्या बाजूला लहान चाकांच्या आधारावर तो किंचित झोळ घेऊन विसावला होता. भाच्याने वहीत त्या झोळाचे चित्र काढले आणि परत आल्यावर तेवढाच झोळ आपल्या पट्ट्याला ठेवला. आता मोटार तापत नाही आणि पट्टा निसटत नाही.

आम्ही परतलो त्याच रात्री पाऊस झाला. सोलापूरच्या काळ्या मातीची ख्याती तुम्हांला ठाऊक असेल. कोरडी असता ती दगडासारखी, भिजली की डिंकासारखी! भाच्याने सकाळी रणगाडा परसातल्या वाफ्यात नेला. पाच-सहा हात गेल्यावर तो थबकला. दंतचक्राच्या दातांमधील सगळ्या खाचा मातीने गच्च भरल्या होत्या; दातांना पट्टा पकडावयास जागाच उरली नव्हती. भाचा हिरमुसला, तेव्हा मी त्याला सप्टेंबर १९६५ मधील पंजाबातील असल उत्तरची लढाई सांगितली. तेथे आपल्या सैन्याने उसाच्या शेतांत पाणी सोडून ठेवले होते. त्या चिखलात पाकिस्तानचे बलाढ्य पॅटन रणगाडे रुतले आणि आपल्या तोफांच्या माऱ्यात सापडले. त्याच लढाईत जीपवरील तोफेने रणगाडे फोडणारे वीर अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

“मग त्यांच्या चक्रांतही अशीच माती भरली असेल का?” त्याने विचारले. उत्तराची वाट न पाहता तो तातांकडे सूत ओवण्याचा आकडा मागावयास धावला. खाचांतील माती काढायला त्याहून चांगले हत्यार नाही, असे त्याचे मत झाले आहे. तातांनी आपली पेटी आता खाटेखालून काढून ओट्यावर ठेवली आहे. परवापासून रणगाड्याचा तोफेचा मनोरा फिरताना मध्येच अडकतो आहे. ताता म्हणतात, खाली कुठेतरी कडा घासते आहे. भाचा म्हणतो, दात झिजला आहे. खडूची रेघ ओढून झाली आहे.